बसायला मिळत नाही तरी 'बस' का म्हणतात?

पेठेतला_बाबा
नमस्कार मंडळी, प्रश्न माझा नाहीये, लेकीचा आहे, वय वर्षं आठ. काल संध्याकाळी तिला क्लासहून आणताना रिक्षा काही मिळेना म्हणून थांब्यावर उभे राहिलो, पाऊण तासाने एक बस आली ती पण दारापर्यंत भरलेली, कसेबसे चढलो, माझा एक हात वरच्या दांडीला आणि एक हिच्या दप्तराला, आणि त्या चेंगराचेंगरीत बाईसाहेब खणखणीत आवाजात विचारतात, "बाबा, हिला बस का म्हणतात? बसायला तर मिळतच नाही. उभी म्हणायला पाहिजे." आजूबाजूचे सगळे हसले, कंडक्टर सुट्टे मोजता मोजता म्हणाला, "बरोबर आहे हिचं." मी घरी गेल्यावर सांगतो म्हणून वेळ मारून नेली.

आता घरी येऊन डोकं खाजवतोय. इंग्रजी शब्द आहे एवढं कळतं, पण कुठून आला? आपल्या बसण्याशी त्याचं काही नातं आहे का? आणि "आता बस झालं" मधलं बस ते अजून तिसरंच ना? ऑफिसात एकाने फ्रान्समधल्या कुठल्यातरी टोपीवाल्याची गोष्ट सांगितली, ती ऐकून मला तर तो चक्क फेकतोय असं वाटलं. जाणकारांनी उजेड पाडावा, ही झोपायच्या आत उत्तर द्यायचंय, नाहीतर सकाळी दात घासताना परत तोच प्रश्न.

उगाच_एक
चढावर मधेच बसते म्हणून बस. पुढचा प्रश्न घ्या.

शब्दांची_टोपली
बाबा, लेकीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या.

तीन बस आहेत आणि तिघांचं एकमेकांशी काडीचंही नातं नाही. बसणे हे आपलं घरचं, संस्कृतातल्या उपविश् वरून, प्राकृतात घासून घासून 'बइस' झालं, म्हणून तर आजी अजून "बैस रे जरा" म्हणते. "बस झालं" मधला बस फारसीतून आलेला, अर्थ पुरे. आणि रस्त्यावरची बस आली लॅटिनमधून, व्हाया फ्रान्स, व्हाया लंडन. मूळ शब्द ओम्निबस, म्हणजे "सर्वांसाठी". लोकांनी तोंडाला सोपं पडावं म्हणून पुढचं धड उडवलं आणि शेपूट ठेवलं. हे पण लगेच झालं बरं का, लंडनमध्ये ओम्निबस सुरू झाल्यावर काही वर्षांतच लोक नुसतं बस म्हणायला लागले, आधी लिहिताना पुढे एक वरचा स्वल्पविराम द्यायचे, की बाबांनो इथलं काहीतरी गळलंय, मग तोही गळला.

तुमचा मित्र अगदीच फेकत नाहीये. फ्रान्समध्ये नांत म्हणून शहर आहे, तिथे स्तानिस्लास बोद्री नावाचा माणूस गावाबाहेर वाफेवरची पिठाची गिरणी चालवायचा. गिरणीचं गरम पाणी नुसतं वाया जातंय म्हणून याने शेजारी स्नानगृह काढलं. पण गावापासून एवढ्या लांब अंघोळीला येणार कोण? म्हणून १८२६ मध्ये गावातून तिथपर्यंत घोड्यांची मोठी गाडी सुरू केली. आणि झालं असं की लोक गाडीत बसायचे पण अंघोळीला जायचेच नाहीत, मधेच आपापल्या कामाच्या ठिकाणी उतरून मोकळे! बोद्री हुशार, त्याच्या लक्षात आलं की पैसा पाण्यात नाही, गाडीत आहे.

टोपीवाला इथे येतो. म्हणतात की ही गाडी ज्या दुकानासमोरून सुटायची ते ओम्नेस आडनावाच्या टोपीवाल्याचं होतं आणि त्याने पाटीवर आडनावाची कोटी करून "ओम्नेस ओम्निबस" लिहिलं होतं, म्हणजे ओम्नेस सर्वांसाठी. तिथून गाडीला नाव पडलं. गोष्ट झकास आहे, शेकडो पुस्तकांत छापलेली आहे, पण तिला धड पुरावा नाही. मला विचाराल तर दंतकथाच. नाव मात्र नांतमध्ये पडलं हे खरं. १८२८ मध्ये बोद्री पॅरिसला गेला, तिथे गाड्या जोरात सुरू केल्या आणि कर्जात बुडाला, दोन वर्षांत त्याने जीव दिला.

उगाच_एक
ते ठीक आहे, पण "सर्वांसाठी" यात एवढं काय? भाडं दिलं की गाडी सर्वांसाठीच असते ना.

शब्दांची_टोपली
नसायची, तेच तर! पास्कल माहितीये ना, शाळेत दाबाचं एकक म्हणून पाठ केलेला, तोच गणिती ब्लेझ पास्कल. त्याने १६६२ मध्येच पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या भाड्यात, भरो न भरो सुटणाऱ्या गाड्या काढल्या होत्या, भाडं पाच सू, म्हणजे तिथली तेव्हाची नाणी. कल्पना शंभर टक्के आजच्या बसचीच. पण वरून हुकूम आला की यात शिपाई, नोकरचाकर, मजूर असल्या लोकांनी चढायचं नाही. पास्कल त्याच वर्षी वारला, गाड्याही काही वर्षांत बंद पडल्या. त्यामुळे दीडशे वर्षांनी कोणी गाडीच्या अंगावर "सर्वांसाठी" लिहून फिरवतो तेव्हा ते सांगण्यासारखंच होतं.

लंडनचं पण सांगते, कारण आपल्याकडे आली ती तिथली. जॉर्ज शिलिबीर म्हणून गाड्या बांधणारा होता, तो पॅरिसला काम करून आला आणि ४ जुलै १८२९ ला पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड अशी ओम्निबस सुरू केली. तीन घोडे, बावीस माणसं, सगळी आत बसलेली. त्याआधीच्या लांबच्या गाडीला आधी जागा धरून ठेवावी लागायची, इथे रस्त्यात हात दाखवा, गाडी थांबवा, चढा. म्हणजे हात दाखवा गाडी थांबवा हे आपण शोधलेलं नाही हो :) शिलिबीरचंही दिवाळंच निघालं पुढे, मग त्याने प्रेतयात्रेच्या गाड्या काढल्या. तो धंदा चालला.

मुंबईत पहिली मोटारबस धावली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. तोवर 'ओम्नि' केव्हाच उडालेलं होतं, आपल्या वाट्याला आलं ते फक्त शेपूट.

निवृत्त_संस्कृतवाले
शेपूट म्हणालात म्हणून राहवलं नाही. चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, या शेपटाची गंमत सांगतो, टंकायला वेळ लागतो तेवढा सांभाळून घ्या.

ओम्निबस हे लॅटिनमधलं चतुर्थीचं बहुवचन आहे. ओम्नि हे अंग, अर्थ सर्व. बस हा प्रत्यय, काम आपल्या स-ला-ना-ते चं. म्हणजे जो भाग लोकांनी ठेवला त्याला स्वतःचा अर्थच नाही. मराठीत समजा कोणी गाडीचं नाव "सर्वांना" ठेवलं आणि पुढे लोकांनी आळसाने "सर्वां" गाळून टाकलं, तर काय उरेल? "ना". तसं झालंय. दोनशे वर्षं जगभरातले लोक थांब्यावर उभे राहून एका विभक्तिप्रत्ययाची वाट बघतायत.

आता खरी गंमत पुढे आहे. राम शब्द आठवतो का बघा. चतुर्थी, रामाय रामाभ्याम् रामेभ्यः. पंचमी, रामात् रामाभ्याम् रामेभ्यः. दोन्हीकडे बहुवचनाला भ्यः, मुलं नेहमी विचारायची सर दोनदा तेच का. लॅटिनमध्येही चतुर्थीला आणि पंचमीच्या जागेला बहुवचनात हुबेहूब एकच रूप येतं, आणि बऱ्याच शब्दांत त्याच्या शेवटी असतं बुस. बाप म्हणजे पातेर, त्याचं रूप पात्रिबुस. आपलं पितृभ्यः. आई, मात्रिबुस. आपलं मातृभ्यः. भाऊ, फ्रात्रिबुस. आपलं भ्रातृभ्यः. एकाखाली एक लिहून बघा, मी फळ्यावर लिहायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

तर तो 'बुस' आणि आपला 'भ्यः' एकाच घराण्यातले. अगदी सख्खे म्हणवत नाही, कारण आपल्याकडे मध्ये एक 'य' आहे आणि लॅटिनकडे तो नाही, पण चुलत भाऊ नक्की. संध्येत, पूजेत "श्रीगुरुभ्यो नमः" म्हणता ना, त्यातला भ्यो आणि स्टँडवरची बस, दोघं एका आजोबांची नातवंडं.

मराठीपर्यंत भ्यः पोचला नाही. प्राकृतातच चतुर्थी मोडकळीला आली आणि तिचं काम षष्ठीने उचललं, तो भ्यः तिथे गळाला. गेला म्हणून आपण दोन हजार वर्षं विसरलो आणि तो १९२६ साली चार चाकांवर बसून क्रॉफर्ड मार्केटला उतरला.

उगाच_एक
सर 🙏 आजपासून थांब्यावर असंच विचारणार. "काय हो, ना आली का?" "ना."

तारतंत्री
संस्कृतवाले सर, तुमच्या भ्यः ला मी रोज हात लावतो, म्हणजे लावत नाही, लावला तर संपलो. पॅनल वायरिंगचं काम आहे माझं. पॅनलमध्ये तांब्याच्या जाड पट्ट्या असतात, लाल पिवळी निळी स्लीव्ह चढवलेल्या, त्याला बसबार म्हणतात. मेनचा करंट पट्टीवर येतो आणि तिथून सगळी सर्किटं आपापलं उचलतात. मला वीस वर्षं वाटत होतं की पट्टी नीट "बसवतात" म्हणून बसबार, आमच्या वस्तादाने तसंच सांगितलेलं आणि पोरांनाही मी तेच सांगत आलो. आज हा धागा वाचून शोधलं तर जुन्या काळी त्याला ओम्निबस बार म्हणायचे. सगळ्यांसाठीची पट्टी. वस्ताद आता नाहीत, असते तर फोन केला असता.

आणि कॉम्प्युटरवाल्यांनी तो शब्द आमच्याकडून उचलला. एकाच वाटेवरून सगळ्या भागांचा डेटा ये-जा करतो ती पण बस. १९७० च्या आसपासच्या पीडीपी-८/ई नावाच्या कॉम्प्युटरमध्ये तर त्या वाटेचं नावच ओम्निबस ठेवलेलं होतं. मोबाईल चार्ज करायला जी यूएसबी केबल लावतो त्यातला शेवटचा बी म्हणजे बस. युनिव्हर्सल सीरियल बस. युनिव्हर्सल म्हणजे सगळ्यांसाठी, आणि बस म्हणजे पण सगळ्यांसाठी, म्हणजे "लेडीज बायकांचा डबा" म्हटल्यासारखं झालं की.

शब्दांची_टोपली
तारतंत्रीदादा, लेडीज बायकांचा डबा 😂😂 हे मी वापरणार आता.

अजून एक, मारुती ओम्नी आठवते का, सरकत्या दाराची? शाळेत पोरं कोंबून नेणारी, सिनेमात कोणाला पळवून न्यायचं असलं की हमखास हीच. त्या गाडीने शब्दाचं डोकं घेतलं, ओम्नि. म्हणजे शब्दाचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तुकडे आपल्या रस्त्यावर वेगवेगळे धावले. तमिळनाडूत खाजगी लांबच्या गाड्यांना लोक अजून ओम्नी बस म्हणतात, तिथे मात्र दोन्ही तुकडे परत एकत्र आले.

कोर्टकचेरी
कायद्यात पूर्ण शब्द अजून जिवंत आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ओम्निबसची व्याख्या दिलेली आहे, ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेण्यासाठी बांधलेली किंवा तशी करून घेतलेली मोटारगाडी. या हिशोबाने आमच्याकडची वडापची जीप, जिच्यात मागे सहा, मध्ये पाच, पुढे ड्रायव्हरच्या मांडीवर अर्धा आणि टपावर किती ते विचारू नका, ती कायद्याने ओम्निबसच. परमिटचा विषय वेगळा, तो इथे नको.

दुसरं म्हणजे इंग्लंडच्या कोर्टात एक माणूस शंभरावर वर्षं बसमध्ये बसून आहे. क्लॅपहॅमच्या, म्हणजे लंडनच्या एका उपनगराच्या, ओम्निबसमधला माणूस. १९०३ च्या एका निकालात हा शब्दप्रयोग आला, आणि तिथेच श्रेय लॉर्ड बोवेन या आधीच्या न्यायाधीशांना दिलेलं होतं. एखादा वागला ते शहाण्यासारखं वागला की निष्काळजीपणे, हे कसं ठरवायचं? तर विचार करायचा की रोज बसने येजा करणारा चारचौघांसारखा साधा माणूस इथे कसा वागला असता. फार हुशार नाही, अगदी बावळटही नाही. आम्ही एलएलबीला शिकलो तेव्हा मास्तरांनी विचारलं की आपल्याकडे हा माणूस कुठे बसवाल, वर्गातून आवाज आला, "बसवणार कुठे सर, फुटबोर्डवर."

इसारकाठी
म्युनिकहून लिहितेय. इथे अजून रोजच्या बोलण्यात बुसच म्हणतात पण मोठ्या बस स्टँडच्या पाटीवर अख्खा शब्द असतो, ओम्निबुसबानहोफ. पहिल्यांदा आले तेव्हा बॅगा घेऊन त्या पाटीखालीच उभी राहून बस स्टँड कुठे म्हणून विचारत होते, ज्याला विचारलं त्याने नुसतं बोट वर केलं. माझी ब्राझीलची रूममेट सांगायची की त्यांच्याकडे बसला ओनिबुस म्हणतात, आणि पोर्तुगालमध्ये तोच शब्द बोललात तर लोक लगेच ओळखतात की पाहुणा ब्राझीलचा, कारण तिथे वेगळाच शब्द आहे, आउतोकारु.

उच्चाराकडे बघा सर, जर्मनमध्ये बुस, तुमच्या पात्रिबुसमधला. इंग्रजांनी तो बस केला म्हणून आपल्या लेकरांना बसण्याशी गाठ घालता आली, नाहीतर हा धागा निघालाच नसता.

मुक्कामी_गाडी
वडील एष्टीत ड्रायव्हर होते. आमच्या गावात बस हा शब्दच कोणी वापरत नव्हतं. आजी म्हणायची मोटार, आई म्हणायची गाडी, बाकी सगळे यष्टी. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली म्हणतात, आमच्या गावात पोचायला पुढे किती पावसाळे लागले ते आजीच सांगू शकली असती. रात्री नऊची गाडी गावात मुक्कामी असायची, ड्रायव्हर कंडक्टर देवळात झोपायचे, सकाळी सहाला तीच परत तालुक्याला. आजी घड्याळ बघत नव्हती, "मुक्कामी आली, दिवा बारीक करा" एवढंच. तिच्या तोंडी बस म्हणजे फक्त "बस कर आता".

सरांना एक विचारायचं होतं. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर रंगाने लिहिलेली पाटी होती, "सर्व बसेसना येथे थांबा आहे". वडील नेहमी म्हणायचे ही पाटी चुकीची आहे, बसगाड्यांना पाहिजे. ते सातवी पास पण भाषेबद्दल कडक. खरं काय?

निवृत्त_संस्कृतवाले
वडिलांना नमस्कार सांगा, आणि नसतील तर मनातल्या मनात. बसगाड्यांना हे चांगलं मराठी, वादच नाही. पण ती पाटी पुसू नका, तिच्यासारखा नमुना मिळायचा नाही.

"बसेसना" सोडवून बघा. बस, हा लॅटिनचा चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय. त्याला नाम समजून इंग्रजांनी आपला बहुवचनाचा प्रत्यय लावला, एस. तो शब्द आपण उचलला आणि त्यावर मराठीचा चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय लावला, ना. म्हणजे प्रत्ययाला प्रत्यय, त्याला आणखी प्रत्यय, आणि आत मूळ शब्द शोधायला जावं तर रिकामं! कांदा सोलल्यासारखं. त्यात पाटीवर आधी "सर्व" लिहिलंय, म्हणजे जो शब्द लंडनमध्ये गळाला तोच कोणा पेंटरने नकळत परत आणून पुढे बसवला. सर्व बसेसना. मी पाणिनी वर्गात शिकवला पण असं काही बघायला मिळालं नव्हतं. फोटो असेल तर टाका.

मुक्कामी_गाडी
फोटो नाही सर, स्टँड पाडून नवीन बांधलं. वडील आहेत, त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तरीपण बसगाड्यांनाच."

पेठेतला_बाबा
मंडळी, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं, आभार तरी कोणाकोणाचे मानू. लेकीला अंघोळीची गोष्ट फार आवडली, ती दोनदा सांगायला लावली. भ्यः वगैरे तिला झेपणार नाही म्हणून नुसतं "सर्वांसाठी" एवढं सांगितलं, टोपीवाला खोटा आहे म्हटल्यावर रुसली, तो खराच पाहिजे म्हणे.

आज परत तीच वेळ, तोच थांबा, नशीब म्हणजे कंडक्टरही तोच. हिने चढल्या चढल्या त्याला सांगितलं, "काका, बस म्हणजे सर्वांसाठी, लॅटिनमध्ये." दारात पाच जण लोंबकळत होते. कंडक्टरने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा हिच्याकडे आणि आतल्यांना ओरडला, "ऐकलं का, सर्वांसाठी आहे, चला पुढे सरका!"